दानपत्रांची वाट

देवळीहून वर्ध्याला यायचे, शहर ओलांडून नागपूर रस्त्याला नालवाडी गाठायची आणि तसेच पुढे धाम नदीकाठच्या पवनारला जायचे. सारी वाट तीसएक किलोमीटरची. इथली माणसे कामासाठी ती रोज तुडवतात. मी ती या जानेवारीत मुद्दाम केली, कारण या एका वाटेवर दीड हजार वर्षांतली दानपत्रे ओळीने वाचता येतात. मध्ययुगीन युरोपातल्या सम्राटांविषयी वाचताना मला हा प्रदेश सारखा आठवत असे. रोमचे साम्राज्य मोडल्यावर त्याचा वारसा सांगणाऱ्या राजांनी नेमके काय केले, हे आखन आणि रोम पाहून जितके कळते तितकेच देवळी आणि पवनार पाहूनही कळते, अशी माझी खात्री होत गेली.

मुक्काम नालवाडीत आप्तांकडे होता. सकाळीच देवळीकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेवटची वेचणी झालेली पऱ्हाटी उभी होती, मध्येच सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या, हरभऱ्याचे हिरवे पट्टे. कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. आता यवतमाळकडे जाणारा नवा रेल्वेमार्गही देवळीवरूनच गेला आहे. काळ्या मातीचे हे गाव आजही बाजाराचे गाव आहे.

या देवळीत राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४०. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो संपादित केला आणि एपिग्राफिया इंडिकाच्या पाचव्या खंडात तो छापून आला. त्या पानांची प्रत मी पिशवीत ठेवली होती. कृष्णाने आपला धाकटा भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी एक गाव एका ब्राह्मणाला दान दिले, त्याचा हा लेख. गावाचे नाव तालपुरुंषक आणि ते नागपूर-नंदिवर्धन या विषयात, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यात, होते. नागपूर या नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच. मान्यखेटाहून, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून, राज्य करणारा राजा वैनगंगेच्या खोऱ्याजवळचे एक गाव देऊन टाकतो आणि ते तांब्यावर कोरले जाते. ज्या पिढीने दिले ती पिढी गेली, राज्य गेले, तांबे मात्र राहिले.

चहाच्या टपरीवर एक म्हातारे शेतकरी शेजारी येऊन बसले.

“कोणाकडं आले जी?”

“कोणाकडं नाही, काकाजी. तुमच्या गावात जुना ताम्रपट सापडला होता, म्हणून गाव पाहायला आलो.”

“ताम्रपट? कायचा जी?”

“एका राजानं एक गाव दान दिलं, त्याचा. हजार वर्षं झाली.”

ते थोडा वेळ थांबले. “गाव देल्लं म्हन्ता. आन् त्या गावातल्या लोकायचं काय झालं मंग?”

मी पिशवीतली पाने काढली. राजाच्या पूर्वजांची वंशावळ पानेच्या पाने चालते. चंद्रवंशापासून सुरुवात, मग एकेका राजाचा पराक्रम. दान घेणाऱ्याचेही नाव आहे. नांगर धरणाऱ्यांचे, गुरे राखणाऱ्यांचे, विहीर खोदणाऱ्यांचे एकही नाव नाही. “त्याइचं नाव नाही लिहिलं, काकाजी,” एवढेच मी सांगू शकलो. त्यांनी मान हलवली आणि यंदा कापसाला काय भाव मिळतो आहे त्याकडे बोलणे वळले. दिवसभर मी जे काही पाहिले, ते त्यांच्या या प्रश्नासह पाहिले.

इसवी सन ९४० च्या जगाचा विचार करू. कृष्ण गादीवर येण्याच्या तीन वर्षे आधी, ९३६ मध्ये, जर्मनीतल्या आखन इथे पहिल्या ओटोला राज्याभिषेक झाला. ज्या देवळात तो झाला ते मी पाहिले आहे. आठ कोनांची वास्तू, वर उंच घुमट आणि त्याभोवतीच्या कमानींत उभे केलेले संगमरवरी खांब. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने हे देऊळ आठव्या शतकाच्या अखेरीस बांधले, तेव्हा खांब आणि संगमरवर रोम आणि रावेनाहून आणवला, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. दक्षिणेकडचे दगड आल्प्स ओलांडून उत्तरेत आणायचे, इतका खटाटोप कशासाठी? रोमचे राज्य आता आपल्याकडे आहे, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशी पोप तिसऱ्या लिओने रोममध्ये त्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. पश्चिमेतला शेवटचा रोमन सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला होता. सव्वातीनशे वर्षे पश्चिमेत ते पद रिकामे होते, तरी त्याचा मान शिल्लक होता.

आमच्याकडे हेच घडत होते. राष्ट्रकूटांचा ध्रुव राजा उत्तरेत स्वारी करून आला, तेव्हा गंगा आणि यमुना त्याच्या राजचिन्हांत आल्या, असे त्या घराण्याचे लेख अभिमानाने सांगतात. ‘परमभट्टारक महाराजाधिराज’ ही बिरुदे गुप्त सम्राटांच्या काळापासून चालत आलेली. ‘पृथ्वीवल्लभ’ हे बिरुद त्यांनी ज्यांना हरवले त्या चालुक्यांचे. जिंकलेल्याची मुद्रा पुसायची, पण त्याची बिरुदे आपल्या नावापुढे लावायची. नवा राजा कितीही बलवान असो, लोकांनी त्याला सम्राट मानावे यासाठी त्याला जुन्या सम्राटाच्या पंगतीत बसावे लागे.

आणि जग खरोखरच त्यांना एका पंगतीत पाहत होते. इ. स. ८५१ च्या सुमारास एका अरबी प्रवासवृत्तात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूट. तेव्हा मान्यखेटाला अमोघवर्ष राज्य करत होता. रूमचा बादशहा म्हणजे कॉन्स्टंटिनोपलचा सम्राट. तिथे रोमचे राज्य तुटलेच नव्हते, ते १४५३ पर्यंत चालले. शार्लमेनच्या नातवंडांना मात्र त्या अरबी यादीत जागा नाही. खुष्कीने आणि समुद्राने व्यापार करणाऱ्या माणसांच्या हिशेबी, रोमचा खरा वारस आणि दख्खनचा राजा हे एका तोलाचे होते. देवळीच्या रस्त्यावर उभे राहून हे आठवले की आपल्या काळ्या मातीचा नकाशा अचानक मोठा होतो.

ओटो ९६२ मध्ये रोमला गेला आणि २ फेब्रुवारीला पोप बाराव्या जॉनकडून सम्राट झाला. त्याआधी अडतीस वर्षे पश्चिमेत कोणी सम्राटच नव्हता. मुकुट मिळाल्यावर दहा-बारा दिवसांत त्याने काय केले? दानपत्र लिहून दिले. पोपच्या ताब्यातली नगरे, गावे, जमिनी त्याने कायम केल्या. त्या दानपत्राची जांभळ्या चर्मपत्रावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली प्रत आजही व्हॅटिकनच्या दप्तरात आहे. जांभळा हा रोमन सम्राटांचा रंग. आमच्याकडे तांबे, कडी आणि राजमुद्रा, तिकडे जांभळे कातडे आणि सोने. जो देऊ शकतो तो सम्राट. दिलेले टिकावे म्हणून दोन्हीकडे शेवटी शाप असतात. आमच्या ताम्रपटांत, दान हिसकावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल असे बजावलेले असते. तिकडच्या दानपत्रांत, त्याची गत विश्वासघातकी जूडाससारखी होईल असे लिहितात. शापांची भाषा वेगळी, पण भीती एकच आहे. उद्या दुसरा राजा येईल आणि हे फिरवेल.

ती भीती खरी होती. ओटोने वर्ष-दोन वर्षांतच त्या पोपला पदावरून काढले. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य घेतले. ओटोही ९७३ मध्ये वारला.

दानपत्राला एवढे वजन असले की खोटी दानपत्रेही होणारच. युरोपातले सर्वांत मोठे खोटे दानपत्र सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावर आहे. आठव्या शतकात कोणीतरी ते रचले. कॉन्स्टंटाइनला महारोग झाला होता, पोप सिल्व्हेस्टरने तो बरा केला आणि कृतज्ञ सम्राटाने रोम, इटली आणि पश्चिमेकडचे सगळे प्रांत पोपला देऊन टाकले, अशी त्यातली कथा. पुढची कित्येक शतके पोप आणि सम्राट यांच्या भांडणात हा कागद हत्यारासारखा वापरला गेला. ओटोचा नातू तिसरा ओटो याने १००१ मध्ये तो बनावट असल्याचे म्हटले. १४४० मध्ये लोरेंझो व्हाल्ला या विद्वानाने त्यातली लॅटिन चौथ्या शतकाची असूच शकत नाही हे उघड करून दाखवले. आमच्याकडेही बनावट ताम्रपट असत. स्मृतिकारांनी खोटे शासनपत्र रचणाऱ्याला कडक शिक्षा सांगितली आहे आणि अक्षरांचे वळण व तिथिवार तपासून असे ताम्रपट ओळखण्याचे काम वासुदेव विष्णु मिराशींसारख्या अभ्यासकांनी केले.

दुपारी वर्ध्यातून नालवाडीत परतलो. आज नालवाडी आणि वर्धा यांच्यात मोकळे रान फारसे उरलेले नाही. दुकाने, शिकवणीवर्ग, नव्या वसाहती एकमेकींना लागून आहेत. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे इथे राहायला आले, तेव्हा ही शहरापासून दोन मैलांवरची, मुख्यतः दलितांची वस्ती होती. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांची गीतेवरची प्रवचने झाली होती. गीताई लिहून झाली होती. वेद, उपनिषदे, शांकरभाष्य जिभेवर असलेला हा ब्राह्मण. कृष्णराजाच्या काळात जन्मला असता तर एखाद्या ताम्रपटावर दान घेणारा म्हणून त्याचेच नाव कोरले गेले असते. गोत्र, शाखा, वेद, सगळे त्या चौकटीत नीट बसले असते. त्याने इथे येऊन काय ठरवले? सूत कातायचे आणि कताईच्या मजुरीत जेवढे बसेल तेवढ्यातच जगायचे.

हा प्रयोग मला या सगळ्या वाटेवरचा सर्वांत धीट लेख वाटतो, जरी तो तांब्यावर नाही. अग्रहाराची, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची, रीत अशी होती की विद्या करणाऱ्याच्या पोटाची काळजी गावाने घ्यायची आणि गावाला ते विचारलेले नसे. विनोबांनी तो व्यवहार उलटा केला. विद्या आहे म्हणून आयते खाण्याचा हक्क मिळत नाही, हे त्यांनी आपल्या पोटावर आजमावून पाहिले. तासन्‌तास कातूनही पूर्ण जेवण भागेना, तेव्हा मजुरीचे दरच माणसाला पुरे पडत नाहीत हा हिशेब त्यांना आतून कळला. १९३४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने ग्रामसेवा मंडळ सुरू झाले. गोपाळराव वाळुंजकरांनी नालवाडीत चर्मालय चालवले, मेलेल्या गुरांचे कातडे कमावण्याचे काम प्रतिष्ठेने करून दाखवले. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी जवळच्या दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. कॉन्स्टंटाइनच्या खोट्या कागदात एक सम्राट महारोगातून बरा होतो आणि साम्राज्य बक्षीस देतो. दत्तपूरला कोणी सम्राट नव्हता. ज्यांना घराने आणि गावाने टाकले, ते तिथे उपचार घेत शेती पिकवू लागले.

नालवाडीहून पवनारला पोचायला फार वेळ लागत नाही. रस्ता उतरला की धाम नदीचे काळे खडक दिसतात, नदीत गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची छत्री आणि पलीकडे टेकाडावर आश्रम. प्रकृती फार खालावल्यावर १९३८ मध्ये विनोबा इथे आले. जमीन खणताना इथे जुन्या मूर्ती आणि शिल्पपट मिळत गेले. ते आज आश्रमाच्या भिंतींत बसवलेले आहेत. मिराशींनी त्यांत रामायणातले प्रसंग ओळखले आणि पवनार म्हणजे वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले. मनसर इथल्या उत्खननानंतर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे नेतात. पण पवनारच्या टेकाडाखाली जुने नगर आहे हे १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकरांनी केलेल्या उत्खननाने स्पष्ट केले.

वाकाटकांमध्ये ‘सम्राट’ ही पदवी पहिल्या प्रवरसेनाने घेतली. त्याने चार अश्वमेध केले असे त्यांचे लेख सांगतात. त्याच्यानंतरचे वाकाटक ‘महाराज’ या पदावर थांबले. पद मिळवावे लागते आणि ते रिकामेही राहू शकते, हे पश्चिमेच्या आधी इथल्या मातीने पाहिले होते.

आणि इथे प्रभावतीगुप्ता आहे. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. इसवी सन ४०० च्या आगेमागे पती वारला, मुले लहान होती, तेव्हा तिने युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य चालवले. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या नव्हे, माहेरच्या गुप्त वंशावळीने होते. त्यात दान दिलेले दंगुण हे गाव मिराशींनी आपल्या हिंगणघाट परिसरातले मानले. साम्राज्याचा वारसा इथे एका लेकीच्या हाताने आला. जवळजवळ पावणेसहाशे वर्षांनी असेच रोममध्ये घडले. कॉन्स्टंटिनोपलची थिओफानू ९७२ मध्ये दुसऱ्या ओटोशी लग्न होऊन पश्चिमेत आली. तिला दिलेल्या जमिनींचा लग्नपट जांभळ्या चर्मपत्रावर सोनेरी शाईने लिहिला आहे. नवरा वारल्यावर तिने आपल्या लहान मुलासाठी राज्य सांभाळले आणि ९९० मध्ये रावेनाच्या एका दस्तऐवजात तर स्वतःसाठी पुरुषवाचक सम्राटपदच वापरले. दोघींनीही मुलांसाठी राज्य राखले आणि दोघींचाही अधिकार आज आपल्याला त्यांच्या दानपत्रांवरून कळतो.

प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन. प्रवरपुराहून निघालेला त्याचा चम्मक ताम्रपट मी आश्रमाच्या पायऱ्यांवर बसून वाचला. अचलपूरजवळचे चर्मांक हे गाव त्याने हजार ब्राह्मणांना दिले. दिलेल्या गावाला सूट कशाकशातून, याची मोठी यादी वाकाटकांच्या ताम्रपटांत असते. सरकारी शिपायांनी आत शिरायचे नाही. गाईबैल द्यायला नकोत. फुले आणि दूध द्यायला नको. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यांना गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवायला नको. सर्व प्रकारच्या वेठीतून मुक्ती. देवळीच्या काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर याच ओळींत आहे. सूट मिळालेल्या एका गावाला जे माफ झाले, तेच बाकीची सगळी गावे मुकाट्याने देत होती. गवत कापणारा, कातडे कमावणारा, कोळसा पाडणारा, वेठीला जाणारा, सगळे या यादीत आहेत, फक्त नावाशिवाय आहेत. आणि ज्या गावाला सूट मिळाली तिथला राबणारा सुटला असे नाही. राजाचा वाटा आता नव्या धन्याकडे गेला. युरोपातही मठांना अशीच सनद मिळे. राजाच्या अंमलदाराने मठाच्या जमिनीत पाऊल टाकायचे नाही, ही रोमन कायद्यातून उतरलेली तरतूद. तिथला कूळ-शेतकरी त्या जमिनीबरोबरच एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला.

चम्मकच्या लेखात मात्र आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. दान घेणाऱ्यांवर अटी आहेत. राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. अटी मोडल्या तर राजाने जमीन परत घेतली तरी तो चोर ठरत नाही. जमीन मिळाली म्हणजे शेजारच्या गावाशी कसेही वागायला मोकळीक नाही, हे दीड हजार वर्षांपूर्वी तांब्यावर लिहिले गेले. साम्राज्यांच्या वारशात राखून ठेवण्यासारखे काही असेल तर ते असे कलम आहे.

मार्च १९५१ मध्ये विनोबा याच पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली आणि तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे चालत, गावोगाव सह्या घेत ते फिरले. त्या कागदालाही दानपत्र असेच नाव होते. राजा नव्हता, मुद्रा नव्हती, शाप नव्हते. देणारा स्वतःचीच जमीन देत होता आणि घेणारा भूमिहीन होता. विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता, तिथे १९५३ मध्ये भूदानाचा कायदा झाला. पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. हे सगळे खरे आहे आणि ते लपवून विनोबांचा मान वाढत नाही. तरी या वाटेवर पहिल्यांदा, जो नांगर धरतो त्याचे नाव दानपत्रात घेणाऱ्याच्या जागी आले. माझ्या लेखी रोमपासून मान्यखेटापर्यंतच्या सगळ्या सम्राटांनी जे केले नाही ते हेच आहे.

साम्राज्ये आपल्याला काय देऊन गेली, याचे उत्तर मला आता असे दिसते. लिहून ठेवण्याची शिस्त दिली. आपण मेल्यावरही शब्द पाळला जावा ही अपेक्षा दिली. खऱ्या कागदाला खोट्यापासून वेगळे करण्याची गरज दिली. पवित्र रोमन साम्राज्य ६ ऑगस्ट १८०६ ला विसर्जित झाले, राष्ट्रकूट त्याच्या आठशे वर्षे आधी गेले, पण ही शिस्त आपल्या तलाठी कार्यालयापर्यंत येऊन पोचली आहे. तिच्यात कोणाचे नाव लिहायचे, हे ठरवणे आता राजाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत देवळीचा ताम्रपट आणि प्रभावतीगुप्तेचे दान शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. शार्लमेनचा मुकुटही शिकवावा, कारण या तिन्हींची गोष्ट एक आहे. आणि त्या धड्याबरोबर मुलांना घरचा सातबारा आणायला सांगावे. त्यावर कोणाचे नाव आहे, राबणाऱ्या आईचे आहे का, आजीचे आहे का, हे त्यांनी स्वतः वाचावे. नसेल तर ते कसे चढवायचे, हे शिक्षकांनी त्याच तासाला शिकवावे.